नानीच्या हातची बोणी

नानी,

भर रस्त्यात कुणीतरी तुला हाक मारली आणि मी वळून पाहिलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मान वळलीच. मल्लेश्वरममधली आपलीच गल्ली, तिच्या तोंडाशी बँकेचं फाटक, माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी, आणि मागून एक बाई खणखणीत आवाजात ओरडतेय, “ए नानी! यता आइज!” अख्खी गल्ली तुला नानी म्हणायची म्हणून मी पोटची पोरही तुला नानीच म्हणत आले. आता त्या हाकेला ओ देणारं कोण उरलं, असं मनात येतंय तोच झाडामागून सात-आठ वर्षांची एक चिमुरडी धावत आली. गालांवर थंडीचे ओरखडे, कोपरापर्यंत दुमडलेला मोठ्या माणसाचा स्वेटर, डोक्यावर टोपली. नेपाळात लहान मुलीला लाडाने नानी म्हणतात आणि यता आइज म्हणजे इकडे ये, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मात्र मी नुसती बघत राहिले आणि मग मला हसू फुटलं. तुझ्या नावाची इतकी लहान बाई मी कधी पाहिली नव्हती.

त्या बाईने फाटकाशेजारी एक हातगाडी लावली होती. गाडीवर शेगडी, शेगडीवर कढई, आणि कढईत ती तांदळाचं सरसरीत पीठ हाताने गोल सोडत होती. बांगडीएवढी कडी टपाटप फुगत होती. मला वाटलं, हे तर आपलं कडबोळं, फक्त जरा माजलेलं! शेजारपाजारच्यांनाही तेच वाटत होतं, ते त्याला कोडबळे म्हणत होते एवढाच फरक. मी एक मागितलं. चिमुरडीने ते कागदात घालून दिलं आणि म्हणाली, “मिठो छ!” मी म्हटलं, असू दे मीठ, मीठ हवंच. तिखटाच्या तयारीने मोठा घास घेतला आणि तोंडात साखर! माझा चेहरा बघून पोरगी खाली बसून हसली. त्यांच्याकडे मिठो म्हणजे चविष्ट. नानी, तू असतीस तर तिला शेजारी बसवून आधी मीठ म्हणजे काय ते शिकवलं असतंस आणि मग स्वतः चार कडी खाल्ली असतीस.

हळूहळू ओळख झाली. बाप महादेवपुऱ्याला एका कंपनीच्या दारावर पहारा करतो, तिथेच निजतो, आठवड्याने येतो. आई सकाळी तीन घरची भांडी घासते आणि साडेदहाला, बँकेतली माणसं चहाला बाहेर पडायच्या सुमाराला, गाडी लावते. दोन मुली. थोरली अकरा-बारा वर्षांची, फार कमी बोलणारी. ती पीठ घोटते, कागद फाडून ठेवते. धाकटी ही नानी. बांधकाम थांबलेल्या इमारतीच्या मागे पत्र्याची एक खोली आहे, तिथे राहतात. दोघींत मिळून एकच स्वेटर. जी टोपली घेऊन फिरते तिने घालायचा, आणि उकडायला लागलं की टोपलीवर झाकायचा. भूक लागली की तुटलेली कडी खायची, साबूत खायची नाहीत, हा नियम. धाकटी कधीकधी हळूच एखादं कडं तोडते आणि मग ‘तुटलं’ म्हणून हळहळते. इतकी सुरेख हळहळ मी मोठमोठ्या माणसांतही पाहिलेली नाही.

पण माल काही खपत नव्हता. त्या पदार्थाचं नाव सेल. पोरगी बँकेसमोर उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडायची, “सेल! सेल!” आणि माणसं थबकून विचारायची, कशाचा सेल, साड्यांचा की चपलांचा? गाडीपाशी येऊन टोपलीत डोकावायची, कोडबळे दिसले की हिरमुसून निघून जायची. ज्यांनी घेतलं त्यांना गोड लागलं म्हणून ते चिडायचे. मला हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं.

शाळेचा विषय मीच काढला. शाळा सुरू होऊन तास झाला तरी दोन मुली गाडीशी उभ्या आहेत हे मला रोज बघवेना. माझं हिंदी तुला माहीत आहे, भाजीवालासुद्धा ऐकून कानडीत बोलायला लागतो. तरी मी त्या बाईला विचारलं, “बच्ची लोगां को स्कूल को क्यूं नै भेजते?” ती ओशाळली. म्हणाली, “बड़ी को भेजेगा दीदी. पर वो अकेली नहीं जाता. उसको यहाँ का बोली नहीं आता, छोटी को आता है.” मग छोटीलाही पाठव की, मी म्हटलं. तिने मान हलवली. “छोटी नहीं जा सकता. बोहनी इसके हाथ से होता है. एक दिन बुखार था, मैंने किया, आधा माल वापस ले गया. इसका हाथ अच्छा है.”

नानी, मला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको. बोणी! आपण घरात बोणीच म्हणायचो. पुण्याची मावशी पहिल्या विक्रीला भवानी म्हणाली की मला देवीच आठवायची. मला तो आपल्या दाराचा कट्टा दिसायला लागतो. तू आंघोळ करून, वेणी घालून, पदराच्या गाठीत सुटी नाणी बांधून बसली आहेस. फुलवाली, पालेभाजीवाला, केळीवाला, सगळे बाजारात जायच्या आधी आपल्या फाटकाशी थांबतात. “नानी, बोणी करा.” तू हवं असो नसो, प्रत्येकाकडून काहीतरी घेतेस, नाणं आधी कपाळाला लावून मग त्याच्या हातावर ठेवतेस. तुझा कैगुण, म्हणजे तुझ्या हाताचा गुण, पार बाजारापर्यंत माहीत होता. घरात म्हणून रोज पालक असायचा.

आणि मला तो दिवसही आठवतो. तुला ताप आला आहे, तू आत पांघरूण घेऊन पडली आहेस, आणि मी फ्रॉकच्या खिशातून नाणं काढून ऐटीत फुलवालीची बोणी करते. संध्याकाळी ती टोपलीभर कोमेजलेला मोगरा घेऊन परत आली. रागावली नाही बिचारी, कट्ट्यावर बसून नुसती म्हणाली, “मगु कै भारा, नानी.” पोरीचा हात जड आहे. तू तापातून उठून आलीस, सगळा मोगरा स्वतः घेतलास, आणि मला म्हणालीस, “हिचा हात जड नि जीभ हलकी. हिला दारात पाठवू नका, आत बडबडू दे.” मग कितीतरी दिवस आपलं घर देवळासारखं घमघमत होतं आणि मी स्वयंपाकघरात बसून कडबोळी वळत बडबडत होते. तेव्हापासून बोणी या गोष्टीच्या वाऱ्याला मी उभी राहिले नाही.

आणि तरीही, त्या दिवशी बँकेच्या फाटकाशी माझी जीभ उचलली गेली. मी त्या बाईला सांगितलं, “छोटी को भेजो. बोणी मैं करती. मेरी मां का हाथ ऐसा था कि अख्खा बाजार उसके दरवाजे को आता था. जाते समय उसने वो हाथ मेरे को दिया.” तिने माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे पाहिलं. “माँ का नाम?” मी म्हटलं, नानी. तिचे डोळे केवढे झाले! लेकीकडे वळून तिने नेपाळीत भराभर काहीतरी सांगितलं, आणि धाकटी माझा तळवा उलटापालटा करून बघायला लागली. शेवटी आई म्हणाली, “एक हप्ता देखेगा दीदी. माल नहीं गया तो बच्ची वापस.”

शाळेत मी घेऊन गेले. आपल्या मागच्या रस्त्यावरची कानडी शाळा. त्याआधी थोडे दिवस दुपारी दोघी आपल्या कट्ट्यावर बसायच्या आणि मी कानडी शिकवायची. निदान मला तरी वाटायचं मी कानडी शिकवतेय. मुख्याध्यापिकेने धाकटीला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? पोरगी छाती काढून म्हणाली, “अन्न तिंदे, होट्टे भरलं, आता स्वल्प पाणी बेकू!” भात खाल्ला हे कानडीत, पोट कानडीत, भरलं मराठीत, पुढचं थोडं पाणी हवं ही तर सगळी मिसळच. मुख्याध्यापिका आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून चष्मा काढून हसल्या. “अक्का, इदु निम्म मने कन्नडा!” ही तुमच्या घरची कानडी! नेपाळची मुलगी, आणि बोलते जुन्या मराठी घरातल्यासारखी. कागदपत्रांचं हळूहळू बघू, आधी बसू दे वर्गात, असं त्या म्हणाल्या. थोरली तोवर माझा पदर धरून उभी होती. बाकावर बहिणीशेजारी बसली तेव्हा तिने तो सोडला. मी बाहेर येऊन झाडाखाली उभी राहून रडले, आनंदानेच.

पण बोणी माझी! पहिल्या दिवशी साडेदहाला मी तुझ्यासारखं नाणं कपाळाला लावलं, एक सेल घेतला आणि बाजूला उभी राहिले. अकरा वाजले, कुणी फिरकेना. ती बाई कढईकडे बघत राहिली. मला फुलवालीचा मोगरा दिसायला लागला. माझ्या जड हातापायी दोन पोरी बाकावरून उठून पुन्हा टोपली घेणार, या विचाराने मला घाम फुटला. तेवढ्यात बँकेतला एक गृहस्थ आला, टोपलीत बघून म्हणाला, कोडबळे? आणि मला राहवेना. मी म्हटलं, “कोडबळे नाही हो सर, हे नेपाळचं आहे, गोड आहे, सणाला करतात, चहात बुडवून खा, मग सांगा.” कानडीत म्हटलं, एकदा म्हटलं, आणि मग सुटलेच. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत सुटले. मराठी आडनावाच्या मॅनेजरला मराठीत, पुण्याहून नव्याने आलेल्या पोरांना मराठी-इंग्रजीत. त्यातली एक पोरगी म्हणाली, “काकू, हे सो क्यूट आहे, इंदिरानगरच्या ऑफिसला पार्सल मिळेल का?” मी म्हटलं, मिळेल, का नाही मिळणार! दुपारी टोपली रिकामी. त्या बाईने माझा हात धरून स्वतःच्या डोक्याला लावला आणि म्हणाली, “नानी का हाथ!”

हप्ता गेला, मग महिने गेले. दोघी शाळेत जातात. आता स्वेटर दोन आहेत. थोरली बोलायला लागली आहे आणि थांबत नाही. धाकटी शाळेतून येऊन गाडीशी उभी राहते, पण आता “सेल” ओरडत नाही, तिला मी “गोड कडं!” शिकवलं आहे, कानडी, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत. संध्याकाळी आई हाक मारते, “ए नानी!” आणि गंमत म्हणजे आम्ही दोघीही वळतो. ती धावत जाते. मी कट्ट्यावर बसून राहते आणि मला खूप बरं वाटतं.

हे लिहिलेलं तुझ्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही, कारण फोटो पुसायला आता धाकटी येते आणि माझ्याकडे बसून तिला मराठीही वाचता यायला लागलं आहे. त्यांच्या लेखी अजून तुझाच हात चालू आहे, आणि ज्या जिभेपायी तू मला आत पिटाळलंस ती सगळं काम करते आहे, हे त्यांना कळायला नको. शिवाय जाते वेळी तू मला हातबित काही दिला नव्हतास. तुझं शेवटचं वाक्य होतं, “गॅस बंद केलास का गं?” मी रोज नाणं कपाळाला लावून डोळे मिटते, तेव्हा ती बाई कढई सोडून हात जोडते. तिला वाटतं, दीदी आईचं नाव घेतेय. तुला म्हणून सांगते, नाव मी घेतच नाही. येताना गॅस बंद केला की नाही, ते आठवत असते.