ओसरीवरची खाट आत आली

प्रिय मामीजी,

सगळ्यात आधी आली ती तुमची लेक, माझी नणंद, बेबीबाई. जवाईबापू बाहेर कडुनिंबाखाली फटफटी लावतच होते, अन् ही चप्पल काढून सरळ माजघरात. हाक नाही, काही नाही. लहानपणापासूनची सवय आहे तिची, तुम्हीच लावलेली! एका हातात आंब्यांची पिशवी, तोंडात भावाच्या पायाची विचारपूस. पण ती विचारपूस अर्ध्यातच राहिली. माजघरात तिला दिसल्या दोन खाटा, एकीला एक लागून. अन् दोघींवर मिळून एकच मच्छरदानी.

पिशवी हातातच राहिली तिच्या. तुमच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं तिनं, मग माझ्याकडे. म्हणाली, "वहिनी, आई असती तर काय म्हणली असती?"

मी चहा ठेवायला गेली. पण मामीजी, काल दुपारपासून तेच डोक्यात घोळून राहिलं आहे. खरंच, काय म्हणल्या असत्या तुम्ही? दुसऱ्या कोणाला विचारत बसण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं म्हटलं. चौथी शिकलेली बाई मी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, मग चुका कोण काढणार?

आधी पायाचं सांगते, नाहीतर तुम्ही मधातच अडवाल.

भजनी मंडळाची बस जगन्नाथपुरीला निघाली होती. आपला दिलीप अन् सूनबाई वर्षा पोरीला घेऊन रायपूरला, वर्षाच्या भावाच्या लग्नाला गेले होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, महिनाभर तिकडेच. मग आम्हीही नावं दिली. जन्मात पहिल्यांदा आम्ही दोघं सोबत कुठं निघालो होतो! लाडू केले, चिवडा केला. मोहल्ल्यातल्या बायांनी देवाला वाहायला नारळ दिले, पाया पडल्या. मी नवं लुगडं नेसली. यांनी तर मिशीसुद्धा काळी केली.

अन् पोहोचलो कुठपर्यंत? कोहमाऱ्यापर्यंत! आपल्या घरापासून कोहमारा केवढं? चुलीवरची भाजी जळायच्या आत माणूस पोहोचते. ढाब्यावर बस चहाला थांबली. हे जवान पोरासारखे टुणकन उतरले, गिट्टीत पाय वाकडा पडला अन् बसले खाली. मंडळाच्या बाया थांबतो म्हणाल्या, पण यांनी सगळ्यांना बसमध्ये बसवून दिलं. नारळ गेले पुरीला अन् आम्ही दोघं सडक अर्जुनीच्या डॉक्टरकडे. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणाले.

ऑटोवाल्यानं अन् शेजारच्या रमेशनं यांना उचलून आणलं. रमेश दारात येऊन विचारते, काकू, कुठं ठेवू? ओसरीवर तर यांची खाट होतीच. इतक्या वर्षांची जागा. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, आत. खाट आत आणा. बस्स, तेवढंच. मी काही ठरवून बोलली नाही, मामीजी. तोंडच बोललं.

दिलीपचा फोन आला, आत्ताच निघतो म्हणे. यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "कायले येऊन राहिला? पाय माझा मोडला, लग्न तुया साळ्याचं हाय. तू नाचून घे." पोरगा हसला अन् राहिला तिकडेच.

तर असं घर रिकामं झालं. तुम्ही पाहिलं असेल फोटोतून. कधी झालं होतं हो हे घर रिकामं? मी आली तेव्हा दीर, नणंदा, बैल, गाई, गडीमाणसं. मग पोरं. मग सून अन् नात. आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते दारात उभं राहून, बाजाराचं नाहीतर खताचं. तुम्हाला आठवते का मंडईच्या जत्रेचं? लग्नानंतरची पहिली दिवाळी, शेजारच्या गावात रात्रभर नाटक, मला यांच्यासोबत बसून पाहायचं होतं. बैलबंडीतून निघालो तर तुम्ही नेमक्या आमच्या दोघांच्या मधात बसल्या! वरून म्हणाल्या, मला धक्के लागतात, मधात बरं वाटते. धक्के तर मधातच जास्त लागतात, मामीजी. तेव्हा बोलता आलं नाही, आज बोलते.

असो. आता आमचा दिवस कसा जाते ते ऐका. सकाळी मी दोन कप चहा ठेवते. दोनच कप! भांडं एवढंसं, पहिल्या दिवशी तर सवयीनं सगळ्यांचाच ठेवला अन् दिवसभर तोच पीत बसलो. मग यांना सूप देते अन् तांदूळ निवडायला बसवते. कामाला लावला की माणूस पायाचं दुखणं विसरते. चिंच फोडून घेतली, लसूण सोलून घेतला. पहिल्यांदा म्हणाले, हे का माणसाचं काम हाय? मी म्हटलं, नाही, एका पायाच्या माणसाचं आहे. तेव्हापासून मुकाट सोलून राहिले आहेत. सोलतातही चांगलं, उगाच खोटं कायले बोलू.

जेवण यांच्या आवडीचं. नातीला झिंग्यांचा वास चालत नाही, म्हणून वर्षा आल्यापासून वाळलेले झिंगे घरात येणंच बंद होतं. परवा मी अंबाडीत झिंगे टाकून केले. हे घास घेत अन् डोळे मिटत. तुमच्या फोटोकडे पाहून म्हणाले, मायच्या हातचं लागून राहिलं. इतकी वर्षं मी रांधते अन् चव तुमच्या हाताची? पण राग नाही आला मला. तुम्हीच शिकवलं होतं.

दुपारी अष्टाचंगा खेळतो. चिंचोके फोडून घासले, खडूनं फरशीवर घर आखलं. म्हणतात मी रडी खेळते. मी खेळतेच, मग? इतक्या वर्षांत कशात जिंकली मी? तेंदूची टेंभरं आणून दिली होती रमेशच्या बायकोनं, ती खात खात बी कोणाची दूर जाते ते मागच्या सांदवाडीच्या दारातून थुंकून पाहिलं. तिथंही मीच जिंकली, अन् त्यात रडी नव्हती.

मंडळाच्या बायांनी मोबाईलवर समुद्र दाखवला. लाटा आल्या, गेल्या. सगळ्या ओल्या झाल्या होत्या, हसून राहिल्या होत्या. मला जरासं वाईट वाटलं, खोटं सांगणार नाही. यांनी डोळे बारीक करून पाहिलं अन् म्हणाले, पाणीच तर हाय, इटियाडोह धरण भरल्यावर एवढंच दिसते. मी विचारलं, तुम्ही कधी पाहिला भरलेला? तर म्हणतात, दोनदा. मला काऊन नाही नेलं? तर म्हणाले, मायले कोण विचारणार होतं?

बघा, सगळं तुमच्यावरच येते.

पण एक गोष्ट मला इथं, खाट आत आल्यावर समजली. पहाटे यांना ठसका लागते. उठून बसावं लागते एवढा. मी उठून पाणी दिलं तर म्हणतात, तू काऊन उठली, हे तर रोजचंच हाय. रोजचंच! तुम्ही गेल्यापासून ओसरीवर हे एकटे उठून बसत होते, अन् मी आत, पोटावर नातीचा पाय घेऊन झोपलेली. भिंत ती केवढी, मामीजी? एक वीट. आवाज आला नाही मला.

ती खाट कधी बाहेर गेली, आठवते न? वर्षा सून होऊन आली त्या दिवशी. तिच्या अंगाची हळद उतरली नव्हती अन् तुम्ही गड्याला सांगून यांची खाट ओसरीवर, तुमच्या खाटेच्या पलीकडे नेऊन टाकली. मला म्हणाल्या, सून आली, आता तुम्ही म्हातारे. माझे केस काळे होते हो! पण कोणी भांडलं नाही. आपल्याकडे तसंच. माझं लग्न झालं तेव्हा मामाजींचीही खाट तशीच ओसरीवर गेली होती. म्हणजे तुमची खाट वेगळी झाली ती माझ्या येण्यानं! हे मला एवढ्यात, तांदूळ पाखडता पाखडता सुचलं. हातातलं सूप तसंच राहिलं.

अन् अजून एक आठवलं. मामाजी गेले ते ओसरीवरच, झोपेत. तुम्ही सकाळी चहा घेऊन गेल्या तेव्हा समजलं. तुम्ही रडल्या, पण चार लोकांत रडतात तेवढंच. मग तेरवी झाली, पाहुणे गेले, अन् तुम्ही मला म्हणाल्या, माझी खाट ओसरीवर टाक, यांची होती तिथं. मी म्हटलं, थंडी आहे, मामीजी. तुम्ही म्हणाल्या, मला आत गरम होते. भर पौषात! मी तेव्हा पोरगीच होती, मला खरंच वाटलं की तुम्हाला गरम होत असेल.

आता समजते मला काय होत होतं ते.

तर कालचं. चहा दिला. बेबीबाईनं बशी खाली ठेवली अन् समजावून सांगायला लागली, अगदी तुमच्यासारखी, मान एकीकडे करून. म्हणे आता आजारी माणूस आहे, ठीक आहे. पण प्लास्टर निघालं की खाट बाहेर काढा. वर्षा येईल, व्याही येतील पाय पाहायला, गावातल्या बाया काय बोलतील. या वयात शोभते का? हे सगळं मला सांगून राहिली, यांना नाही. जशी खाट मीच डोक्यावर घेऊन आत आणली!

मी कपाकडे पाहत बसली. मला माहीत होतं आता काय होणार. तुम्ही मला बोलायला लागल्या की यांना गोठ्यात काहीतरी काम आठवायचं. दावं तुटलं, गव्हाण फुटली, काहीही. जन्मभर मी एकटीनं ऐकलं. एकदा तरी कोणी माझ्या बाजूनं बोलावं असं किती वाटायचं मला, मामीजी! कालही यांची नजर दाराकडे गेली, मी पाहिलं. पण गोठ्यात आता बैल नाहीत अन् पाय प्लास्टरमध्ये. जातील कुठं?

मला वाटलं, हे हो म्हणतील. बहिणीचं मन राखतील, अन् खाट जाईल बाहेर. मी मनातल्या मनात बाहेर काढायचीही तयारी करून टाकली होती.

यांनी घसा खाकरला. म्हणाले, "बेबी, तिले कायले सांगून राहिली? मले सांग. प्लास्टर निघालं तरी माई खाट इथंच राहील."

बेबीबाई म्हणाली, "भाऊ, तुले लाज नाही वाटत?"

"वाटत होती न," हे म्हणाले. "कोहमाऱ्यालेच राहून गेली."

जवाईबापूंना चहाचा ठसका लागला. पुसता पुसता त्यांनी विचारलं, ही एवढी मोठी मच्छरदानी कोणत्या दुकानातली? बेबीबाई फणकारली, तुमाले कायले पायजे, तुमाले तर ओसरीवर मच्छर चावतच नाही. ते हळूच म्हणाले, कोण म्हणते? मी कधी म्हणलो? तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातावरच्या, मानेवरच्या त्या लाल पुळ्यांकडे. तुमची लेक गप्प झाली, मामीजी! आंबे चिरायला घेतले तिनं अन् सगळ्यात गोड फोड त्यांच्या बशीत टाकली.

संध्याकाळी मी स्वतःच वर्षाला फोन लावला. बेबीबाईच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. सगळं सांगितलं, बाबांची खाट आता आतच राहील म्हणून. तिकडून म्हणते, "बरं झालं आई, ओसरीवर मले स्कूटी ठेवता येईल. पावसात सडून राहिली होती."

घ्या! इतकी वर्षं आम्ही जिची लाज धरली ती पोरगी स्कूटीच्या जागेचा विचार करून राहिली होती. मी फोन ठेवून एवढी हसली की यांनी आतून विचारलं, काय झालं, कोण पडलं?

पुरी आता राहिली. पाय बरा झाला तरी जाणं होईल की नाही, कोण सांगावं. हे म्हणतात पुढच्या साली. मी म्हटलं, घाई नाही. मला सध्या इथंच बरं वाटून राहिलं आहे.

अन् तुम्हाला काय वाटते ते मला कळणार नाही. पण फोटोवरची धूळ पुसताना आज तुम्ही रागावलेल्या दिसल्या नाहीत. मामाजींचा फोटो तुमच्यापासून दूर, दाराच्या वर होता. तो काढून तुमच्या शेजारी लावला आहे. खिळा रमेशनं ठोकला. जरासा वाकडा झाला, चालवून घ्या.

जाताना बेबीबाई फटफटीवर बसता बसता म्हणाली, वहिनी, आम्ही येतो परत, मुक्कामाला येतो. तुमच्या वेळेस लेक-जवाई मुक्कामी आले की बायांची अंथरुणं आत अन् माणसांची ओसरीवर पडायची. अंथरुणं मीच टाकायची, तुम्ही सांगाल तशी. आता तुम्ही सांगायला नाही, म्हणून आधीच शब्द देऊन ठेवते. तुमच्या लेकीचं अन् जवायाचं अंथरूण मी दिलीपच्या खोलीत, एकाच जागी टाकीन अन् दार ओढून घेईन. बेबीबाई काही बोलली तर सांगीन, आईनंच सांगितलं आहे. तुम्ही तेवढं खोटं पाडू नका मला.

येत्या बेस्तवारी येतो म्हणून गेले आहेत.

तुमची थोरली सून,
कौशल्या