कुणाचा राग येतो?

१२ मे १९९२, मंगळवार

लागला एकदाचा फोन! रेडिओवर दुपारी लोक फोन करून सरकारला झोडपतात ना, तिथंच. अख्खा देश ऐकतो. आमच्या मांसाच्या कारखान्यात जेवायच्या सुट्टीत तोच कार्यक्रम लावलेला असतो. आज मी खोलीवर — हाताला सुरी लागलीय. माझ्या वाट्याचं काम शेजारी उभा राहणारा रेफुहिओ ओढतोय, स्वतःचं सांभाळून. मुकादमाला कळूही दिलं नाही त्यानं.

मला बोलायचं होतं आमच्या ओहायोतल्या काचेच्या कारखान्याबद्दल. मालकानं यंत्रं उचलून मेक्सिकोला नेली, बाप घरी बसला, आणि मी इथं नेब्रास्कात गुरं सोलतोय. फोन घेणारी पोरगी म्हणाली, "मालकांचं रोजच येतं रे. समोर दिसणारं कुणी सांग. कुणाचा राग येतो?"

मी पुन्हा मालकाचंच सांगू लागलो.

"बोल लवकर, नाहीतर पुढचा घेते."

म्हणालो — माझ्या शेजारी एक मेक्सिकन उभा असतो.

लगेच जोडला!

मग सुटलोच. हे आमच्या पोटावर पाय देतात, हा शेजारचा तर दुसऱ्याच्या नावाचं सरकारी कार्ड दाखवून कामाला लागलाय... कार्ड त्यानंच एकदा हसत दाखवलं होतं मला. निवेदक ओरडला, "शाब्बास डॅरल! ऐका, वॉशिंग्टनवाल्यांनो!"

काय बरं वाटलं तेव्हा. फोन ठेवला आणि आठवलं — कार्डाचं कळलं तर त्याला देशाबाहेर काढतील.

१३ मे

सगळ्यांनी आवाज ओळखला. आमच्या पाळीतला व्हर्न म्हणाला, "काय धुतलंस रे!" कोक पाजला. जो तो पाठ थोपटतोय. रेफुहिओला इंग्रजी धड कळत नाही — त्याला वाटलं माझं काही चांगलं झालंय. त्यानंही थोपटली! "रेडिओ! तू! मोठा माणूस!" डब्यातली मक्याची तमाली मोडून अर्धी मला दिली.

खाल्ली मी. थुंकून टाकायला हवी होती — नाही, माझ्यावरच थुंकायला हवं.

१४ मे

आज त्याला खरं सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

१८ मे, सोमवार

कुणीतरी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. सकाळी मांसाचा सरकता पट्टा सुरू व्हायच्या आधी समोर येऊन उभा राहिला.

"माझं कार्ड... तू बोलला?"

म्हणालो, "तुझं नाव नाही घेतलं मी."

नाव नाही घेतलं! हे बोललो मी, त्याच्या तोंडावर.

त्यानं एप्रन काढला आणि चालता झाला. संध्याकाळी त्यांच्या घराशी गेलो. दार सताड उघडं, बायको नाही, पोरं नाहीत. व्हर्न म्हणतो, "बरं झालं, आपल्यातल्या कुणाची तरी सोय झाली." कसली सोय! मुकादम म्हणतो, त्याच्या जागी कुणालाच घेणार नाही. दोघांचं काम आता मीच करायचं, त्याच पगारात.

२४ मे, रविवार

घरी फोन केला. नेहमी आईच बोलते. आज बापानं तिच्या हातून घेतला. कारखाना गेल्यापासून माझ्याशी धड न बोललेला माणूस! "डॅरल, रेडिओवर तूच ना रे? बारमध्ये सगळे कान देऊन ऐकत होते. मी सांगितलं, माझा पोरगा आहे तो." आवाज भरून आला होता त्याचा. "परत कधी लावणार फोन?"

म्हणालो, "परवा, बाबा."