विभूतीचं भाडं

मुंबई, ऑगस्ट १९९४

ती. आईस,
लांबूनच पाया पडतो.

मी बरा हाय. सिनेमात नटांची तोंडं रंगवायचं काम चालू हाय. हितं मजुरीशिवाय सामानाचे पैसे वेगळे मिळतात. ब्रश उरतात, म्हणून त्यांचं भाडं. पावडर संपते, म्हणून तिची किंमत.

काल मॅनेजरनं माझी पेटी बघताना तू दिलेली विभूतीची डबी पावडर म्हणून यादीत लिहिली. मी खोडायला लावली.

दिवसभर लोकांच्या तोंडाला हात लावतो. माझ्या तोंडावरून हात फिरवणारं हितं कुणी न्हाई.

धाकट्या मंजूचा लातूरचा क्लास कसा चाललाय? भूकंपाला वर्ष होत आलं. तू आता घरात झोपतीस, का अजून अंगणातच?

डबीतली विभूती तळाला गेलीय. पोस्टानं पाठवू नको. तूच घेऊन ये.

तुझा मल्लेश