आधी वाकायचं, मग मारायचं

३ नोव्हेंबर
काल दुकानामागच्या गल्लीत एकाने बायकोची पर्स हिसकावली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. सात वाजता सुटेपर्यंत अंधार पडतो. बिचारी घाबरलीय. म्हणाली, थोडे दिवस मला घ्यायला या. मी म्हटलं, नुसतं येऊन काय होणार? प्रश्नाच्या मुळाशी जायला हवं. कराटे शिकणार. निर्णय पक्का.

५ नोव्हेंबर
क्लास लावला, त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. वेळ सहा ते साडेसात. म्हणजे घ्यायला जाणं जमणार नाही. मोठ्या कामासाठी छोटा त्याग करावाच लागतो. तो बायकोने करायचा आहे.

७ नोव्हेंबर
पहिला दिवस. बॅचमधले बाकी सगळे माझ्या कोपराएवढे. सर दिवसा विमा विकतात. म्हणाले, कराटे म्हणजे शिस्त. चपला काढल्याशिवाय उभं राहायचं नाही, समोरच्यापुढे कमरेत वाकल्याशिवाय हात उचलायचा नाही. तासभर वाकलो. माझं वाकणं उत्तम आहे असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. ऑफिसातली इतकी वर्षं फुकट गेली नाहीत.

१६ नोव्हेंबर
पाठ धरलीय. बायकोने शिट्टी आणली, गळ्यात घालून येते-जाते. हसू आवरेना. शिट्टीने कुठे चोर पळतो? तिला समजावलं, खरा लागतो तो कॉन्फिडन्स. ती म्हणाली, मग तो घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. तिला लाँग टर्म विचार जमत नाही.

२८ नोव्हेंबर
एका चिमुरडीने मला आडवं केलं. मुद्दामच पडलो, लहानांना प्रोत्साहन द्यावं. चष्म्याची काडी मात्र खरोखर तुटली. सरांना विचारलं, हे खऱ्या चोरावर चालतं ना? सरांनी तुटलेली काडी उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, चोर कराटे शिकलेला असेल तर नक्की. जीव भांड्यात पडला.

२० डिसेंबर
पिवळा पट्टा मिळाला! घरभर घालून फिरलो. बायको स्वयंपाकघरात रडत होती. आज गल्लीत पुन्हा कोणीतरी मागे मागे आलं म्हणे. पट्टा तसाच बांधून म्हटलं, उद्या क्लासला सुट्टी आहे, मी येतो. तिचा चेहरा एकदम उजळला. मला फार बरं वाटलं.

२१ डिसेंबर
बायको वेगळं सांगेल, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो. गल्लीत तो आला, तिच्या पिशवीला हात घातला. मी ओरडलो, थांब! तो चक्क थांबला. मी चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या. कमरेत वाकलो. आणि पाठीत उसण भरली. वर येता येईना. तेवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. खिडक्या धडाधड उघडल्या. मला फक्त पळणारे पाय दिसले. नंतर चपला दिसल्या नाहीत.
पिशवी शाबूत आहे. बायकोने मला तसंच वाकलेलं घरी आणलं. चोराला गोंधळात टाकलं ते माझ्या नमस्काराने, हे ती मान्य करत नाही.

९ जानेवारी
पाठ सुधारली, क्लास पुन्हा सुरू. बायकोची भीती साफ गेलीय, म्हणजे माझ्या कष्टांचं चीज झालं. हल्ली दुकानातून सुटली की तीच मला घ्यायला येते. गल्लीतून एकट्याने यायला मी घाबरतो असं नाही, पण शिट्टी तिच्याकडे असते.
आज तिला उशीर झाला. सगळी पोरं घरी गेली, सरांनी दिवे मालवले. मी दाराच्या आतच उभा. ती आल्यावर चांगलं सुनावलं, की अंधारात एकट्याने वाट बघताना माणसाच्या जिवाचं काय होतं, कल्पना आहे का?
ती म्हणाली, हो का.