दिवसाआड मी

२ तारीख
आले एकदाची! खोली लहान, पण खिडकी मोठी. नोकरी मनासारखी, आणि आईचं हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. पंधराला तिचं हृदयाचं ऑपरेशन. शुद्धीवर येईन तेव्हा तू समोर हवीस, एवढंच ती म्हणाली.

प्रयोगशाळेत माणसाहून उंच चुंबक आहे. त्यात द्रवाची बारीक काचनळी सोडायची आणि रेडिओलहरींचा धक्का द्यायचा, की द्रवातली अणुकेंद्रं उलटी होतात. पुढच्या धक्क्याला सुलटी. पडद्यावर रेघ खाली, मग वर. चार-पाच सेकंदांत ती विरून जाते. ती विरूच नये अशी पदार्थाची नवलाची अवस्था सरांना बनवायची आहे. टाइम क्रिस्टल म्हणतात तिला.

५ तारीख
सर म्हणजे आडमुठेपणाचा कळस. नमुना खराब झालाय, नवा मागवा, असं तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! वर मलाच सुनावलं, की आधी राग आवरायला शिक. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची पाठ वळताच मी नळी रिकामी केली आणि तीत थुंकले. घ्या तुमचा नमुना! सोडली चुंबकात.

६ तारीख
रेघ विरली नाही. कालपासून चालूच आहे. थुंकीत! हसावं की रडावं कळेना. सर खुशीत, आणि मला खरं सांगायला तोंड नाही. धक्क्यांमधलं अंतर वाढवत त्यांनी आता दिवसाला एकच धक्का ठेवलाय, सकाळी सातला.

८ तारीख
कालचा दिवस मला आठवतच नाही. मी म्हणे कामावर आले होते, सरांची माफीही मागितली. माफी? मी? त्या माणसाची? मेले तरी मागणार नाही.

१० तारीख
नऊ तारीखही गेली. सातचा धक्का बसतो, नळीतली माझी थुंकी उलटते आणि तिच्याबरोबर मी— एक दिवस मी, एक दिवस ती, माझीच उलटी बाजू. सम तारखा माझ्या. म्हणजे पंधरा तिची. सरांना थुंकीसकट सगळं सांगितलं, प्रयोग थांबवा म्हटलं. ते म्हणाले, विषम तारखांना तू फार गुणी असतेस. थोबाड फोडावंसं वाटलं.

१२ तारीख
आईकडे गेले. चादर मळकी होती, नर्सशी भांडले. भांडणार नाही तर काय!

आई दमून म्हणाली, "काल किती मायेनं बोललीस गं. पंधराला तशीच ये."

काल ती आली होती. माझ्या आईपाशी बसली होती. माझी आई आहे ती, सटवे! माझी!

१४ तारीख
धक्क्यांचं यंत्र बंद केलं की सर पुन्हा चालू करतात. आता आतून कडी लावलीय. बडवू देत दार— आज रेघ वर आहे. वर म्हणजे मी. अशीच नळी काढायची, फोडायची. मग धक्का नाही— उद्या मीच— आई, मीच—

१५ तारीख
आईचं ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताच माझा हात धरून हसली. नळीबद्दल मी सरांची माफी मागितली. चुंबकाबाहेर काढली की रेघ मरते, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. रागात तिला सुचलं नाही. नळीत वर तीच होती, तीच विरली. आता सगळ्या तारखा माझ्या. फक्त घसा दुखतोय. आत कुणीतरी आईला हाका मारतंय. मी तोंड घट्ट मिटलंय, तरी ते—