डोक्यावरून पाणी

लातूर,
सोमवार, १२ जानेवारी

ति. हणमंतदादास,

अयोध्याचा नमस्कार. आम्ही इकडं ठीक. तू, सिंधुवैनी, पुनम खुशाल असाल. तूर काढली का? इकडं मेस चालू हाय. क्लासची लेकरं वरण पातळ म्हणून तोंड वाकडं करतात आन तेच वरण दोनदा मागून घेतात. गुडघे दुखतात. झाली विचारपूस. तू फोन उचलत न्हाईस म्हणून लिहायलेय. अक्षराला हसू नको, मला चौथीतून काढलं ते तुला पुढं शिकवायलाच.

सुदर्शनचं तुला कुणी सांगितलं नसंल. पुण्याची नोकरी सोडून तो गेल्या वर्षी घरी आला. घरात बसूनच लोकांच्या वेबसाइट बनवतो. त्याच्या मनात आलं, ह्या कामातल्या पोरांची एक परिषद लातुरात भरवायची. मी म्हणले, परिषद म्हणजे मोर्चा का रे? म्हणला, न्हाई आई, पुण्या-हैदराबादहून जाणती माणसं येतील, आपल्याकडच्या पोरांना नवीन काय निघालं ते सांगतील. मी म्हणले, जेवायला काय ठेवणार? मला तेवढंच कळतं.

दिवाळीपासून घराचं हापिस झालं. दुसरं काही मिळंना म्हणून मंगल कार्यालय धरलं. जाहिरात सगळी मोबाइलवर. मी म्हणले, तुझ्या मोबाइलमधलं उदगीरच्या बापाला कोण दाखवणार? पोराला गाडीभाडं तर बापच देतो. फ्लेक्स लाव. ते त्याला पटलं.

फ्लेक्स त्यानंच काँप्युटरवर केला. सगळा काळा. मधी त्याचा एकट्याचा फोटो, तोपण काळा-पांढरा. खाली नाव, तारीख, वार, मंगल कार्यालयाचा पत्ता. वर परिषदेचं नाव बारीक इंग्रजीत. आन मराठीत एकच ओळ, 'कायम जोडलेले'. मी म्हणले, रंग कुठं गेले? पुढाऱ्यांचे फ्लेक्स कसे पिवळेधमक असतात. म्हणला, आता असंच चालतं आई.

पुढं काय झालं ते तुला सांगायची गरज न्हाई. पण सांगते.

दुसऱ्याच दिवशी नागाबाईचा, माझ्या नणंदेचा, फोन. 'वैनी, कसं झालं गं, गाडीवर होता का?' सुदर्शननं माझ्या हातातून फोन घेतला, 'आत्या, मीच बोलतोय' म्हणला, तर तिनं भिऊन फोनच ठेवला. आम्ही मायलेक लई हसलो. मग असले दुखवट्याचे फोन थांबंनात. त्यानं सगळे फ्लेक्स उतरवले, रंगीत केले. पण गेलेली खबर कुठं माघारी येते?

परिषदेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पुण्याची माणसं भली, रिकाम्या खुर्च्यांकडं न बघता बोलली. मागच्या रांगेत उदगीरचे ईश्वरप्पा, माझ्या सासऱ्याचे दोस्त, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, एसटीनं आलेले. मला बघून उठले, म्हणले, 'बाई, फोटो कुठं ठेवलाय? हार आणलाय.' सुदर्शननं येऊन त्यांचे पाय धरले. म्हातारा त्याच्या तोंडावरून हात फिरवत रडला. मग म्हणला, 'हार वाया कशाला घालवू,' आन त्याच्याच गळ्यात घातला. 'आलोच हाय तर जेवून जातो.' दोन वेळा खीर घेतली.

त्यांच्या वयाचं माणूस उदगीरहून आलं.

आता ऐक. मुखेडला फ्लेक्स लावायचं काही कारण नव्हतं. पोरगं म्हणत होतं, नांदेडला लावू, तिथं कॉलेजं हायेत. मीच अडून बसले, मुखेडच्या स्टँडापाशीच लाव म्हणून. तू रोज सकाळी तिथं चहाला जातोस. म्हणले, मामाला भाचा दिसू दे. पुनमला न्हाई म्हणला म्हणून पोरगं वाईट न्हाई. मामाची पोरगी करायचीच हा तुझा हट्ट, त्याचा न्हाई. पुनमला तरी कुठं विचारलं होतंस? येळवशीला, अवसेच्या सणाला, शेतात जेवायला बोलावलं न्हाईस, तरी मी गप बसले.

परवा वैनीनं शेजारणीच्या फोनवरून सगळं सांगितलं. तू स्टँडावरून आलास, तसाच न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंस. आपलं माणूस गेल्यावर घेतात तसं. घरात चूल पेटू दिली न्हाईस. वैनी म्हणली, 'अहो, लातूरला चला.' तू म्हणलास, 'त्या घराची पायरी चढणार न्हाई.' दोन दिवसांनी पुनमनं मोबाइलवर ती परिषद बघितली, सुदर्शन जिता हाय म्हणून सांगितलं. तेव्हा तू काय म्हणलास, मी विचारलं. वैनी म्हणली, चप्पल घालून चहाला गेले.

मला समजंना झालंय दादा. सुतक धरलंस म्हणजे आम्हाला आपलं धरलंस. मग आला का न्हाईस? सुदर्शनचा बाप गेला तेव्हा जीपला लटकून रातोरात आला होतास. आता तर माझं एकुलतं लेकरू गेलं असं तुला खरंच वाटलं. अयोध्या कुणाच्या गळ्यात पडून रडत असंल, एवढंपण तुझ्या मनात आलं न्हाई का?

सुदर्शन परत पुण्याला चाललाय. इथं काही जमत न्हाई म्हणतो. त्याला वैनीचं बोलणं सांगितलं न्हाई. त्याला वाटतंय, मामानं फ्लेक्स बघितलाच न्हाई. तसंच वाटू दे.

सकाळी नळ आला होता. एक बादली भरून न्हाणीत ठेवली. ठरवलं होतं, तू मेलास म्हणून डोक्यावरून घ्यायची आन मोकळं व्हायचं. तांब्या बुडवला, हात वर जाईना. बादली तशीच हाय. लातुरात पाणी असं ठेवून परवडत न्हाई, मेसची भांडी पडलीत. तू आलास तर ते तुझ्या पायावर घालीन. न्हाई आलास तर कुठं घालायचं ते मला माहीत हाय.

वाट बघत न्हाई असं लिहिणार होते. हात तिथंपण अडला.

तुझी,
अजून पाणी न घेतलेली
अयोध्या