भिंग लावून गाणारा घड्याळजी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला आटोक्यात असतील असं धरून लिहितो. इकडे मी ठणठणीत, फक्त काल अडीच तासांची शिक्षा भोगून आलो.

झालं असं, की तू स्थळ म्हणून आणलेल्या दंतवैद्याला रविवारी भेटायला लेक एका अटीवर तयार झाली: आधी मी तिच्याबरोबर एक जुना फ्रेंच सिनेमा न झोपता बघायचा. (बोटीवर नोकरीला गेलेला तिचा तो मित्र दोन वर्षांनी परतेपर्यंत थांबायचं खूळ तिच्या डोक्यात आहे, ते तुला ठाऊक आहेच.) म्हटलं, स्वस्तात सुटलो. कसलं काय. त्या सिनेमात कुणी सरळ बोलतच नाही. दार लाव, मीठ दे, सर्दी झालीय, सगळं गाऊन. नायक आपल्याच धंद्यातला, घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून हा गडी ताना घेतो. भिंग पडणार नाही का? मी आज दुकानात करून पाहिलं. दोनदा पडलं, आणि समोरची बाई घड्याळ न देताच निघून गेली.

तर हा दूर कामाला जातो, नायिका हातमोज्यांच्या दुकानात वाट बघत बसते, आणि तिची आई एक श्रीमंत जावई तिच्या गळ्यात मारते. इतकी आपमतलबी बाई मी पाहिली नाही. म्हणते, नुसत्या आठवणींवर संसार होत नाही. (हे मीही घरी बोललोय, पण निदान गायलो नव्हतो.) सहा वर्षांनी नायिका बंद घड्याळ घेऊन त्याच्याच दुकानात येते. तो किल्ली देतो, परत करतो. कशी आहेस, बरी आहे, संपलं. लोक नाकं ओढत होते, पण एकालाही कळलं नाही की घड्याळ बिघडलेलंच नव्हतं. तिनं मुद्दाम किल्ली दिली नव्हती. त्या गाढवाला ते कळलं होतं, तरी गप्प बसला. असला भिकार सिनेमा.

भावजींना औषध वेळेवर देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. आज सकाळी लेकीनं तिचं मनगटी घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं, बंद पडलंय म्हणून. उघडून पाहिलं. त्याला काहीही झालेलं नाही.

आणखी एक. दंतवैद्याला रविवारी येऊ नका म्हणून कळव. अट न झोपण्याची होती, आणि मी शेवटी झोपलो होतो. लेकीलाही हेच सांगितलंय. माझा ओला रुमाल मात्र तिनंच वाळत घातला.